मजकुरातील शोधाची कुळकथा

संगणकीय मजकुरातून हवा तो शब्द हुडकण्याच्या तंत्राचे मूळ मेंदूच्या अभ्यासात आहे. वॉरन मॅकलक व वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये चेतापेशींच्या जाळ्याचे गणिती प्रारूप मांडले. त्यावर काम करताना स्टीफन क्लेनी यांनी १९५१ मध्ये चिन्हांच्या माळांचे वर्णन करणारी लेखनपद्धती रचली. तिच्यात क्रिया तीनच: ‘यानंतर ते’, ‘हे किंवा ते’ आणि ‘पुन्हा पुन्हा’. हीच रेग्युलर एक्स्प्रेशन. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये तिच्या आधारे मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे युनिक्सच्या ग्रेप या आज्ञेत ती रुजली. १९८७ मध्ये आलेल्या लॅरी वॉल यांच्या पर्लने तिला भाषेच्या गाभ्यात जागा दिली. पायथॉन, पीएचपी, जावास्क्रिप्ट यांच्यावर पर्लची छाप आहे.

मराठी मजकूर या वाटेवर उशिरा आला. जुन्या फॉन्टांचे संकेत एकमेकांशी जुळत नसत, त्यामुळे एका फॉन्टमधला शब्द दुसऱ्यात शोधणे अशक्यच. १९८८ च्या इस्की संकेतप्रणालीवर बेतलेली देवनागरी १९९१ च्या युनिकोडमध्ये आली आणि अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जाऊ लागली.

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील ‘श्रीपूर’ हे नाव वाचणाऱ्याला तीन अक्षरी दिसते. पायथॉन त्याची लांबी सात सांगतो: श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, प, दीर्घ उकार, र. विभक्ती लागली की उकार ऱ्हस्व होतो, म्हणून ‘श्रीपूर’ शोधल्यास ‘श्रीपुरात’ हाती लागत नाही. इथे क्लेनींची दुसरी क्रिया कामी येते: ‘श्री(पू|पु)र’ लिहिले की दोन्ही रूपे सापडतात.

शब्दाची सीमा ठरवणे याहून अवघड. नदीच्या पुराच्या बातम्या काढण्यासाठी सीमाचिन्हांसह ‘पूर’ शोधला, तर पायथॉनचे अंगभूत आरई मॉड्यूल ‘पंढरपूर’ वगळते, पण ‘श्रीपूर’ आणि ‘सोलापूर’ पकडते. कारण काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना ते शब्दाचा भाग मानत नाही. ‘श्री’ची वेलांटी संपते तिथे त्याला नवा शब्द सुरू झाल्यासारखा वाटतो. मराठीसाठी ही व्याख्या साफ अपुरी आहे. त्यामुळे शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा, विरामचिन्ह किंवा मजकुराचे टोक असावे, अशी अट नमुन्यातच स्पष्ट लिहावी लागते.