गवालिया टँक : नावाविषयी टीप

१४. गवालिया टँक : आजचे ऑगस्ट क्रांती मैदान ते हेच. लेखकाने वापरलेले जुने नाव आम्ही मुद्दाम तसेच ठेवले आहे. इथल्या तळ्यावर गवळी गुरे धुवायला आणत, नाव त्यावरून पडले. पुढे तळे बुजले, मैदान झाले, तरी लोकांच्या तोंडी ‘टँक’ राहिला. पनवेलजवळच्या विचुंब्याच्या वाचकाला पनवेलचे वडाळे तळे आजही डोळ्यांनी पाहता येते. मुंबईत मात्र गवालिया तळ्याची खूण एवढ्या एका नावात उरली आहे.

मैदानालगतच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात २८ डिसेंबर १८८५ रोजी काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. मैदानाला नाव मिळाले ते मात्र संस्थेच्या स्थापनेवरून नव्हे, तर १९४२च्या ऑगस्टवरून : ८ तारखेला ‘छोडो भारत’ ठराव, ९ला अरुणा असफअलींनी फडकवलेला तिरंगा. ही निवड आम्हाला योग्य वाटते, कारण ते दिवस लोकांचे होते.

जागेची जुनी खूण अशी नावातच टिकते, म्हणून एखाद्या संस्थेच्या वर्धापनदिनानिमित्त तळ्याकाठच्या, नदीकाठच्या बागेचे नाव बदलणाऱ्यांना विनंती एवढीच : नव्या फलकावर जुने नावही कोरा.