रिसॅट-१ : ढगांआडचे पाहणारा उपग्रह

संपूर्ण भारतीय बनावटीचा पहिला रडार प्रतिमा उपग्रह. 'इस्रो'ने २६ एप्रिल २०१२ रोजी पहाटे श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी१९ द्वारे तो सोडला. वजन १,८५८ किलो. प्रकल्प संचालक एन. वलरमती. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शास्त्रज्ञांचे अभिनंदन केले; प्रसारमाध्यमांनी मात्र त्याला 'हेर उपग्रह' ठरवून टाकले. 'इस्रो'चा भर शेती व आपत्ती व्यवस्थापनावर होता. हेरगिरीच्या चर्चेला पार्श्वभूमीही होती. समुद्रमार्गे आलेल्या दहशतवाद्यांनी २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला केल्यानंतर, इस्रायली रडार असलेला रिसॅट-२ एप्रिल २००९ मध्ये आधीच सोडण्यात आला होता. १९६९ पासून अणुवीज केंद्र असलेल्या तारापूरच्या किनाऱ्याला ही चिंता परकी नाही.

तरीही पालघर-बोईसरच्या भातशेतीला त्याचा दुसरा उपयोगच अधिक जवळचा. खरिपात आभाळ झाकोळलेले असते आणि साध्या कॅमेऱ्याला ढगच दिसतात. सी-बँड रडार स्वतः लहरी सोडून त्यांचे परावर्तन टिपते. ढग वा रात्र आड येत नाही. आवणीच्या वेळी पाण्याने भरलेली खाचरे प्रतिमेत काळपट दिसतात, रोपे वाढू लागली की उजळतात. त्यावरून लागवडीच्या क्षेत्राचा अंदाज बांधता येतो. रिसॅट-१ चे कार्य आता संपले असून, १४ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेल्या ईओएस-०४ ने हेच काम पुढे चालविले.