पियानोचें मोल

आमच्या पॅरिशच्या सभागृहांत, रंगमंचाच्या डाव्या बाजूस, एक उभा पियानो आहे. ज्युबिलीनिमित्त सभागृहाची रंगसफेदी निघाली तेव्हां चौघांनीं तो ओढून बाजूला केला, आणि त्याच आठवड्यांत समितीपुढें असा प्रश्न आला कीं, ह्या जुन्या धुडाची दुरुस्ती करावी कीं तें विकून टाकावें? चर्चेच्या ओघांत एका तरुण सभासदानें सांगितलें कीं, युरोपांत हातानें बनविलेल्या एका मोठ्या पियानोला आजमितीस एक कोटि रुपयांहून अधिक किंमत पडते. हें ऐकून कित्येकांना हसूं आलें, कित्येकांना रागहि आला. एका वाद्याला एवढी किंमत म्हणजे श्रीमंतांचा निव्वळ डौल, असें एका वृद्ध सभासदाचें मत पडलें. आम्हांला तें मत सर्वस्वीं मान्य नाहीं. तथापि तें सर्वस्वीं खोटें आहे, असेंहि म्हणवत नाहीं. म्हणून ह्या स्मरणिकेंतील चार पानें ह्या विषयास देण्याची परवानगी आम्ही संपादकांपाशीं मागून घेतली.

पियानोचा जन्म इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं झाला. पादुआचा बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी हा कारागीर १६८८ सालीं मेदिची घराण्यांतील राजपुत्र फेर्दिनांदो ह्याच्या पदरीं राहिला. त्या काळचें पट्टीचें मानाचें वाद्य म्हणजे हार्पसिकॉर्ड. त्यांत पट्टी दाबली कीं पक्ष्याच्या पिसाच्या देठाची बारीकशी नखी तारेला छेडीत असे. बोट जोरानें दाबा कीं हळू दाबा, आवाज जवळजवळ सारखाच. क्रिस्तोफोरीनें छेडण्याऐवजीं तारेवर लहान हातोडीचा आघात करण्याची युक्ति काढली. परंतु हातोडी तारेला चिकटून राहिली तर तीच नादाचा गळा दाबील. म्हणून आघात होतांच ती आपोआप सुटून मागें पडावी, अशी रचना त्यानें केली. सर्व कौशल्य ह्या सुटकेंत आहे. १७०० सालच्या मेदिचींच्या वस्तुसूचींत ह्या नव्या वाद्याची नोंद असून, हळू व मोठा असे दोन्ही आवाज काढणारें, असें त्याचें वर्णन तेथें केलेलें आहे. 'हळू' ह्या अर्थाचा 'पियानो' हा अर्धा शब्दच पुढें नांव म्हणून उरला. क्रिस्तोफोरीच्या हातचे तीन पियानो अद्यापि शिल्लक आहेत : १७२० चा न्यूयॉर्कला, १७२२ चा रोमला व १७२६ चा लाइप्झिगला.

खास ह्या वाद्यासाठीं म्हणून छापलेलें पहिलें संगीत १७३२ सालीं फ्लॉरेन्समध्यें निघालें. तें लोदोविको जुस्तिनी ह्याचे बारा सोनाटे होत. आणि ते अर्पण केले होते पोर्तुगालच्या राजाचा बंधु दों आंतोनियो ह्यास. त्या सालीं आमच्या वसईच्या किल्ल्यावर त्याच राजाचें निशाण फडकत होतें. तें पुढें १७३९ सालीं उतरलें. किल्ल्यांतील कोणा पाद्रीबोवांच्या कानीं ह्या नवलाईची वार्ता गेली होती कीं काय, ही केवळ आमची कल्पना. तिचा आधार कोणी विचारूं नये.

इटलींत ह्या शोधाचें फारसें चीज झालें नाहीं. त्याचें संगोपन केलें तें जर्मनींतील ऑर्गनकारांनीं, आणि ही गोष्ट आम्हां देवळांत जाणाऱ्या लोकांनीं विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. सॅक्सनींतील फ्रायबर्गचा गॉटफ्रीड झिल्बरमान हा ख्यातनाम ऑर्गनकार. त्यानें बनविलेला पियानो थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख ह्यानें वाजवून पाहिला, नादाची स्तुति केली, परंतु वरचे स्वर दुबळे आहेत व पट्ट्या जड आहेत असें स्पष्ट सांगितलें. झिल्बरमानला राग आला. पुष्कळ दिवस तो मनांत कुढत राहिला. परंतु रागावलेला कारागीर दोन प्रकारचा असतो. एक टीकाकाराला शिव्या देतो, दुसरा पुनः कामाला लागतो. झिल्बरमान दुसऱ्या प्रकारचा निघाला. कित्येक वर्षें खपून त्यानें ते दोष काढले, आणि मग बाखनेंहि त्या वाद्याला आपली पूर्ण पसंति दिली.

परंतु मोलाचा प्रश्न ज्याच्या कारखान्यांत प्रथम स्पष्टपणें दिसतो, तो आउग्सबुर्ग शहरचा योहान आंद्रेआस श्टाइन. हाहि ऑर्गनकारच, त्या शहरांतील बारफ्युसर देवळाचा मोठा ऑर्गन त्याच्याच हातचा. १७७७ सालच्या ऑक्टोबरांत एकवीस वर्षांचा मोत्सार्ट त्याच्याकडे आला, आणि तेथें जें पाहिलें तें त्यानें वडिलांना सविस्तर लिहून कळविलें. तें पत्र आज उपलब्ध आहे. पियानोच्या पोटांत तारांच्या खालीं एक विस्तीर्ण व पातळ लांकडी फळी असते. तारेचा स्वतःचा आवाज अगदीं क्षीण. ती ह्या फळीला कांपविते आणि फळी साऱ्या दालनाची हवा कांपविते. हिला आम्ही नादफळी म्हणूं. श्टाइन ही नादफळी तयार झाली म्हणजे ती उघड्यावर ठेवी. तिच्यावर पाऊस पडे, बर्फ पडे, ऊन पडे. ती तडकावी अशीच त्याची इच्छा. तडकली कीं तो त्या भेगांत लांकडी पाचरी सरसानें बसवी, आणि मग अशी फळी पुनः तडकणार नाहीं अशी हमी देई. वाद्य पुरें झाल्यावर तो स्वतः त्याच्यापुढें बसे, नाना तऱ्हेच्या ताना व उड्या वाजवून पाही, आणि मनासारखें होईपर्यंत तासणें-घासणें चालवी. मोत्सार्टनें पुढें किंमतहि लिहिली आहे : तीनशें गुल्डनच्या खालीं हा गृहस्थ असा पियानो देत नाहीं; परंतु तो जे श्रम व जी काळजी खर्च करतो, त्यांचें मोल पैशानें व्हावयाचें नाहीं, असा त्याचा अभिप्राय.

समितींतील वादाचें उत्तर आम्हांला ह्या पत्रांतच सांपडतें. लवकर हातावेगळें करून नफा मिळविणें श्टाइनला सहज शक्य होतें. कारण फळी उन्हापावसांत ठेवली होती कीं नव्हती, हें घेणाऱ्याला दुकानांत दिसत नाहीं. तें दिसतें वीस वर्षांनंतर.

श्टाइन १७९२ सालीं वारला. त्याची कन्या नानेट हिनें बापाची विद्या हस्तगत केली होती. आठ वर्षांची असतांना तिचें वादन मोत्सार्टनें ऐकलें होतें, व तिच्या हावभावांची त्यानें त्याच पत्रव्यवहारांत कठोर थट्टाहि केली आहे. हीच मुलगी १७९४ सालीं पति आंद्रेआस श्ट्राइखर ह्याच्यासह व्हिएन्नाला गेली, आणि कांहीं वर्षांनीं आपल्या पियानोंवर माहेरच्या नांवाचा उल्लेख करून स्वतःचें नांव घालूं लागली. बेथोव्हेनची व तिची चांगली मैत्री होती. त्याच्या घरकारभाराची विवंचनाहि तिनें पुष्कळ वाहिली. स्त्रियांच्या हातीं करवत शोभत नाहीं असें म्हणणारांनीं हें चरित्र अवश्य पाहावें.

ह्याच व्हिएन्नांत योसेफ ब्रोडमान नांवाच्या कारागिराकडे इग्नात्स ब्योझेनडोर्फर हा उमेदवारी करीत होता. १८२८ सालीं गुरूचा कारखाना त्याच्या हातीं आला. १८३८ च्या मार्चमध्यें डॅन्यूब नदीच्या महापुरानें पेस्ट शहराची धूळधाण उडाली. तेव्हां फ्रान्स लिस्ट हा व्हेनिसहून व्हिएन्नाला धांवत आला व त्यानें पूरग्रस्तांसाठीं जलसे केले. लिस्टच्या हाताखालीं लांकडी चौकटीचे पियानो टिकत नसत. तारा तुटत, हातोड्या मोडत. ब्योझेनडोर्फरचा पियानो मात्र अखेरपर्यंत उभा राहिला, असें सांगतात. आणि त्या कारखान्याची कीर्ति तेव्हांपासून युरोपभर झाली.

पुढें तारा जाड होत गेल्या, त्यांची संख्या दोनशेंवर गेली, व सर्व तारांचा मिळून ताण वीस टनांच्या आसपास पोंचला. एवढा ताण लांकूड सोसूं शकत नाहीं. म्हणून ओतीव लोखंडाची चौकट आली. ती प्रथम बॉस्टनमध्यें १८२५ सालीं बॅबकॉक ह्यानें केली, आणि न्यूयॉर्कच्या स्टाइनवे मंडळींनीं १८५९ सालीं मोठ्या पियानोंत खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या नेऊन तिचा पूर्ण उपयोग करून घेतला. लोखंड साच्यांतून हवें तितकें सारखें निघतें. लांकूड तसें निघत नाहीं, आणि सारी किंमत येथेंच वाढते.

नादफळीला स्प्रूस नांवाचें, देवदाराच्या कुळांतील लांकूड लागतें. तेंहि थंड डोंगरांत सावकाश वाढलेलें, ज्याच्या वर्षांवर्षांच्या रेषा दाट व सरळ आहेत असें. व्हिएन्नाचे कारागीर तें ऑस्ट्रियाच्या पहाडांतून निवडून आणतात, आणि वर्षानुवर्षें उघड्या हवेंत रचून मुरूं देतात. घाईनें भट्टींत वाळविलेलें लांकूड आणि हवेंत मुरलेलें लांकूड ह्यांत, आमच्या सुतारमंडळींना ठाऊक आहेच, केवढा फरक! नादफळी जाडीला एक सेंटिमीटरहूनहि कमी, कडेला आणखी पातळ, आणि मध्यें किंचित् फुगीर. हा फुगीरपणा उतरला कीं पियानोचा प्राण गेला. न्यूयॉर्कचे कारागीर बाहेरची वांकडी कड मेपल लांकडाचे अनेक पातळ थर सरसानें जोडून एकदम वांकवितात. व्हिएन्नाचे तीहि स्प्रूसचीच करतात, म्हणजे नादफळीबरोबर पेटीहि गुणगुणते. म्हणून एकाचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या बांकापर्यंत धारेनें जातो, आणि दुसऱ्याचा ऊबदार लागतो. कोणता चांगला, ह्यावर जाणत्यांत भांडणें आहेत. आम्ही त्यांत पडत नाहीं.

सर्वांत शेवटीं हातोडीचें काम. तिच्या डोक्यावर लोंकरीचा दाट नमदा असतो. १८२६ च्या सुमारास पॅरिसच्या पापनें तो कातड्याऐवजीं आणला. नमदा कठीण असला तर आवाज कर्कश, मऊ असला तर घोगरा. कारागीर सुया बसविलेलें एक लहानसें हत्यार घेऊन प्रत्येक हातोडीच्या नमद्यांत टोंचतो, पट्टी वाजवून ऐकतो, पुनः टोंचतो. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा स्वभाव एकमेकांना जुळला पाहिजे. ह्याला माप नाहीं, यंत्र नाहीं. कान हाच गज. एक टोंचा अधिक पडला तर तो परत काढतां येत नाहीं. असें वाद्य पुरें व्हावयास वर्ष लागतें, आणि एकाच घडणीचीं, एकाच हातचीं दोन वाद्यें शेजारीं ठेवलीं तरी तीं दोन सख्ख्या भावांसारखीं निराळीं निघतात.

ब्योझेनडोर्फरच्या सर्वांत मोठ्या पियानोस तर सत्त्याण्णव पट्ट्या आहेत. बुसोनी नांवाचा वादक बाखचें ऑर्गनसंगीत पियानोवर उतरवीत असतां त्याला ऑर्गनच्या महाकाय नळ्यांसारखा खर्ज हवा होता, त्यासाठीं ह्या अधिक पट्ट्या आल्या, असें सांगतात. वाजविणाराचा हात चुकूं नये म्हणून त्यांना काळा रंग देतात. कारखाना मात्र धन्याच्या घराण्यांत राहिला नाहीं. १९०९ सालीं तो दुसऱ्यांच्या हातीं गेला, १९६६ त अमेरिकन कंपनीनें घेतला, आणि २००८ सालीं जपानच्या यामाहा कंपनीकडे आला. ज्या कामाला वर्ष लागतें, त्याचा ताळेबंद जुळविणें कठीण असतें.

आतां वृद्ध सभासदांच्या मताची दुसरी बाजू. जुन्या उत्तम पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंताचा पातळ पत्रा असे. १९ व्या शतकांत हा दंत पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागांतून झांझिबारला येई, आणि तो वाहून आणणारांत गुलाम केलेले अनेक लोक असत. त्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांतील पुष्कळसा माल आमच्या मुंबई बंदरांत उतरून मग लंडनला जात असे. दिवाणखान्यांत गोड तान ऐकणाराला त्या वाटेवरच्या मनुष्याचें कण्हणें ऐकूं येत नव्हतें. १९८९ सालच्या आंतरराष्ट्रीय ठरावानें आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला; आज पट्ट्यांवर कृत्रिम द्रव्य असतें, आणि नादांत त्यामुळें रतिमात्र फरक पडत नाहीं. म्हणजे तो हत्ती व तो मनुष्य केवळ शोभेसाठीं मेले. श्टाइनच्या पाचरींचें मोल एक आणि ह्या शोभेचें मोल निराळें. दोन्ही एकाच तागडींत घालूं नयेत, एवढेंच आमचें म्हणणें.

ऑर्गनकारांच्या कारखान्यांत वाढलेल्या ह्या वाद्याला देवळाचा उंबरठा मात्र ओलांडतां आला नाहीं. २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, संगीताची आश्रयदात्री संत सेसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, पोप दहावे पायस ह्यांनीं पवित्र संगीताविषयींच्या आज्ञापत्रांत पियानोला देवळांत स्पष्ट मनाई केली, आणि त्याला ढोल-झांजांच्या रांगेंत बसविलें! पुढें १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर वाद्यें धर्माधिकाऱ्यांच्या संमतीवर सोंपविलीं. आमचा पियानो सभागृहांत उभा आहे, देवळांत नाहीं, ह्याचें मूळ त्या जुन्या आज्ञेंत असावें.

तथापि एका पोपमहाराजांनीं पियानो ऐकला आहे. लिस्ट १८६३ सालीं रोमजवळच्या मोंते मारिओ टेकडीवरील मादोन्ना देल रोझारिओ ह्या मठांत राहावयास गेला. दोन वर्षांनीं त्यानें धर्मसेवेच्या कनिष्ठ दीक्षाहि घेतल्या. ज्याच्यासाठीं युरोपांतील कारखानदार एकमेकांशीं स्पर्धा करीत, त्याच्या खोलींत त्या वेळीं एक लहानसा जुनाट पियानो होता, आणि त्याचा एक स्वर वाजतच नसे, असें सांगतात. त्या जुलैंत नववे पायस अकस्मात् भेटीस आले, तेव्हां लिस्टनें त्यांना त्याच पियानोवर वाजवून दाखविलें.

आमच्या सभागृहांतील पियानो सागवानी पेटीचा, पितळी स्क्रूंनीं आवळलेला आहे. असे पियानो विलायतेंतील कारखानदार आमच्या पावसाळ्याच्या भयानें मुद्दाम बनवीत असत. त्याच्या सहा पट्ट्या मुक्या आहेत व दोन आषाढांत फुगून खालीं बसतात. नादफळी आम्ही दिवा धरून पाहिली; ती तडकलेली नाहीं. दुरुस्तीचा अंदाज आम्ही चिटणिसांकडे दिला आहे, व तो पुढील सभेपुढें येईल.