बंडीच्या आखापासून टाय रॉडपर्यंत: चाकं सुतात आणायची गोष्ट

आजचा भाग एका प्रश्नाने सुरू करू. बैलबंडीची व्हील अलाइनमेंट केल्याचं कधी ऐकलंय? नाही ना? मग कारलाच ती का लागते? शॉकअप बदलले, लोअर आर्म बदलला, की मेकॅनिक म्हणतो, "आता अलाइनमेंट करून घ्या." या एका वाक्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आणि आपल्या नाकाडोंगरीकडे, जिथे डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणीचा परिसर आहे आणि पावसाळ्यात खड्डे चुकवत चालवावं लागतं, तिथे हा इतिहास माहीत असला तर टायरचे पैसे वाचतात.

आधी बंडी बघू. दोन चाकं आणि त्यांच्या मधून गेलेला एकच आख. चाक आखावर फिरतं, पण आख स्वतः वळत नाही. वळवायचं काम बैलांचं. आख सरळ आहे तोवर दोन्ही चाकं एका दिशेनेच बघणार. बिघडायला जागाच नाही. शिवाय चाकावर लोखंडी धाव. ती थोडी आडवी घासली तरी कोणाचं काय जातं?

युरोपातल्या चारचाकी घोडागाड्यांत मात्र अडचण होती. त्यांचा पुढचा अख्खा आख मधल्या खिळ्यावर फिरायचा. जोरात वळलं की गाडी कलंडायची भीती. म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्स्पेर्गर या गाडी बनवणाऱ्याने उपाय काढला: आख जागेवर ठेवायचा, फक्त चाकं आपापल्या टोकाला वळवायची. रुडोल्फ आकरमन याने 1818 मध्ये लंडनला त्याचं पेटंट घेतलं. आज त्याला आकरमन स्टिअरिंग म्हणतात, म्हणजे नाव झालं पेटंट घेणाऱ्याचं!

पुढे कार्ल बेंझने 1886 मध्ये मोटारगाडी आणली, ती तीनचाकी. पुढे एकच चाक, म्हणून जुळवायचा प्रश्नच नाही. दोन चाकं वळवणाऱ्या रचनेचं पेटंट त्याने 1893 मध्ये घेतलं.

इथेच अलाइनमेंटचा जन्म झाला. चाकं सुटी झाली की त्यांना जोडायला दांडा लागतो, तोच टाय रॉड. त्याची लांबी जरा बदलली की चाकं एकमेकांकडे तरी बघतात, नाहीतर एकमेकांपासून तोंड फिरवतात. याला म्हणतात टो. त्यात 1888 मध्ये डनलॉपचं हवेचं रबरी टायर आलेलं. लोखंडाने सहन केलं, ते रबर सहन करत नाही.

किती घासतं, हिशोब करू. आपले मिस्त्री मोजतात सुतात, एक इंचाला आठ सूत. समजा दोन्ही पुढच्या चाकांत मिळून तीन सूत, म्हणजे जवळपास 10 मिलिमीटर टो चुकला. टायरचा व्यास 580 मिलिमीटर धरला, तर प्रत्येक चाक अर्धा अंश वाकडं. दर किलोमीटरला ते टायर साडेआठ मीटर आडवं ओढलं जातं. दहा हजार किलोमीटर चाललात, तर 85 किलोमीटर नुसतं घासणं!

आता भारतात येऊ. 1940च्या दशकाच्या शेवटी महिंद्राने विलिसची जीप इथे जुळवायला घेतली. तिचा पुढचा आख एकसंध, म्हणून बसवायचा असतो मुख्यतः टो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाटची पुढची चाकं मात्र वेगवेगळी वर-खाली व्हायची. मग डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, मॅकफर्सन स्ट्रट घेऊन. यात शॉकअप आणि स्प्रिंग मिळून एक खांब, आणि चाकाचा नकल त्याला साधारण दोन बोल्टने जोडलेला. ते बोल्ट सोडून पुन्हा कसले की चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, थोडा हलतो. कॅम्बर हलला की टोही हलतो. मेकॅनिक म्हणतो ते यासाठी.

मग घरी काय करता येईल? गवंडी भिंत जशी धरतो, तसंच. सपाट जागा, हवा बरोबर, स्टिअरिंग सरळ बांधलेलं. जॅकवरून उतरवलेली गाडी आधी थोडी पुढे-मागे ढकलायची, म्हणजे सस्पेन्शन बसतं. दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्यउंचीवर दोरी ताणायची. पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून ती सारख्या अंतरावर हवी, मागच्या दोन्हींपासूनही तशीच. मग रिमची पुढची कड ते दोरी, आणि मागची कड ते दोरी, हे मोजायचं. पुढचं अंतर जास्त, तर चाक आत बघतंय. लॉक नट सैल करून दोन्हीकडचे टाय रॉड सारखे फिरवायचे, नाहीतर स्टिअरिंग तिरकं राहील. आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलचाच. कॅम्बरचा अंदाज ओळंब्याने किंवा मोबाइलच्या लेव्हल ॲपनेही येतो. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, भक्कम स्टँड लावायचेच.

आता खरी गंमत. मशीनवाला कागदावर भरपूर आकडे छापून देतो, पण आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे फिरवता येतो तो टो. बाकी आकडे "पार्ट वाकलाय का" एवढं सांगतात. म्हणजे मशीन जे दुरुस्त करतं, त्यातलं बरंचसं सुताने होतं. पण अपघात झाला असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, किंवा बॉल जॉइंटला खेळ असेल, तर दोरी पुरत नाही. आधी पार्ट, मग मशीन.

"सुतासारखा सरळ" हे आपण माणसाबद्दलही म्हणतो. ती मोजपट्टी सुतार-गवंड्यांकडून आली, आणि मोटारीलाही चालते. जुनी आहे म्हणून गावठी समजू नका. फक्त मोजायची दोनदा, आणि बोल्ट कसल्यावर तिसऱ्यांदा.

भेटू पुढच्या भागात. तोवर टायरची आतली कड एकदा हात फिरवून बघा!