सामासिक शब्दांतील अक्षरविभाग, मराठीतील
एका स्वराभोवतीचा उच्चारघटक म्हणजे अक्षर. नॉर्वेजियन समासात मुख्य आघात बहुधा पूर्वपदावर पडतो; मराठीत आघात अर्थभेदक नसल्याने पदसीमा मुख्यत्वे अक्षरविभागावरून जाणवते. संस्कृत ‘देवकुल’ (दे-व-कु-ल) या समासातील ‘क’ प्राकृतात लोपला, पुढे अंत्य ‘अ’ही उच्चारातून गेला आणि ‘देऊळ’ (दे-ऊळ) हा एकजीव शब्द उरला. त्याला ‘गाव’ जोडून झालेल्या ‘देऊळगाव’ या नव्या समासात पदसीमा स्पष्ट राहते. जालना जिल्ह्यातील (स्थापना १९८१) टेंभुर्णी ज्या तालुक्यात मोडते, त्या ‘जाफराबाद’चे (जाफ-रा-बाद) तसे नाही : ‘जाफर’चा ‘र’ ‘आबाद’च्या ‘आ’ला मिळतो. स्वरादी उत्तरपद पदसीमा पुसते. व्यंजनादी ती राखते. म्हणून ग्रामनामांची व्युत्पत्ती लावताना ऐकू येणारे तुकडे हीच मूळ पदे मानणे धोक्याचे ठरते.