हिरव्या रंगात दडवलेला तळमजला

आधुनिक वास्तुकलेचा इतिहास शिकवताना व्हिला साव्हॉय हे घर हमखास दाखवले जाते. पॅरिसजवळच्या प्वासी गावातले हे घर ले कॉर्बुझिए आणि पिएर जानरे यांनी १९२८ ते १९३१ या काळात साव्हॉय या धनिक कुटुंबासाठी उभारले. बारीक खांबांवर तोललेली पांढरी पेटी, सलग आडव्या खिडक्या, गच्चीवर बाग. नक्षी नाही, कमानी नाहीत. सरंजामी थाटाला दिलेला नकार म्हणून त्याचे कौतुक होते, आणि ते रास्तच आहे.

पण आम्ही या घराचा नकाशा पाहतो तेव्हा एकच प्रश्न विचारतो : इथे राबणारी माणसे कुठे होती?

ती तळमजल्यावर होती. मोलकरणींच्या खोल्या, ड्रायव्हरचे घर, कपडे धुण्याची खोली आणि मोटारी, सगळे तिथेच. तळमजल्याचे गोल वळण मोटारीच्या वळणाच्या मापाने आखले गेले. वरची पेटी अधांतरी वाटावी म्हणून याच मजल्याच्या भिंती हिरव्या रंगवल्या. त्या झाडीत मिसळून जाव्यात हा हेतू. म्हणजे ज्यांच्या श्रमावर घर चालते, नेमका त्यांचाच मजला नजरेआड! वर जायला वाटाही दोन : मालक-पाहुण्यांसाठी संथ उतरंड, नोकरांच्या कामासाठी मुख्यतः गोल जिना.

तिथे जात नव्हती, वर्ग होता. नक्षी पुसणाऱ्या आधुनिकतेने तो पुसला नाही.

पुढे हे दोघे चंदीगडला आले. तिथे सरकारने पदानुसार घरांच्या तेरा श्रेणी ठरवून दिल्या. जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी ती घरे आखली. शिपायालाही दोन खोल्या आणि संडास मिळाला, ही मोठीच गोष्ट. पण नव्या प्रजासत्ताकाच्या नव्या शहरात माणसांची उतरंड मात्र विटांत पक्की झाली. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिच्या देशात हे कुणाला खटकले असेल?

आज मुंबईतल्या अनेक टॉवरांत घरकामगार बायांना वेगळी लिफ्ट दाखवली जाते. काचेचा दर्शनी भाग तिथेही आधुनिकच असतो.

म्हणून मित्रहो, इमारत आधुनिक आहे की नाही हे तिच्या दर्शनी भागावरून ठरवू नका. राबणारा माणूस कोणत्या दाराने आत येतो, ते आधी पाहा.