ऑक्सिडेटिव्ह फॉस्फोरिलेशन

अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचवताना मिळणाऱ्या ऊर्जेतून एटीपी (अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट) हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू घडवण्याची पेशीतील प्रक्रिया. ती तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलावर चालते. आपण श्वासावाटे घेतलेला बहुतेक सगळा ऑक्सिजन इथेच खर्ची पडतो. दहावीच्या पुस्तकात या भागाला ‘इलेक्ट्रॉन वहन साखळी अभिक्रिया’ म्हणतात. घाटंजी, आर्णी, केळापूर अशा यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसपट्ट्यात मात्र तिचा संबंध परीक्षेपुरता राहत नाही. पऱ्हाटीवरच्या पांढऱ्या माशीसाठी आणि तुडतुड्यांसाठी वापरले जाणारे डायफेन्थियुरॉन हे कीटकनाशक नेमके याच प्रक्रियेवर घाव घालते.

तंतुकणिकेला दोन पटले असतात. आतले पटल घड्याघड्यांचे असते, त्यामुळे लहानशा जागेत पुष्कळ पृष्ठभाग मावतो. अन्नाच्या विघटनातल्या क्रेब चक्रातून आणि त्याआधीच्या टप्प्यांतून एनएडीएच व एफएडीएच२ हे वाहक इलेक्ट्रॉन घेऊन या पटलाशी येतात. पटलात प्रथिनांची चार संकुले रोवलेली असतात. एनएडीएचचे इलेक्ट्रॉन पहिल्या संकुलात शिरतात, एफएडीएच२चे दुसऱ्यात. तिथून तिसऱ्याकडे आणि चौथ्याकडे जाताना ते टप्प्याटप्प्याने ऊर्जा सोडतात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होते. सुटलेल्या ऊर्जेवर पहिले, तिसरे आणि चौथे संकुल हायड्रोजनचे धन आयन (प्रोटॉन) पटलाच्या बाहेरच्या बाजूला ढकलतात. दुसरे संकुल प्रोटॉन ढकलत नाही, म्हणूनच एफएडीएच२पासून एटीपी कमी मिळतो.

बाहेर साचलेले प्रोटॉन आत परतू पाहतात, पण पटल त्यांना वाट देत नाही. एकच मोठी वाट उरते, ती एटीपी सिंथेज या प्रथिनातून. धरणाच्या पाण्याने जनित्राचे चाक फिरावे तसा या प्रथिनाचा एक भाग प्रोटॉनांच्या ओघाने खरोखर फिरतो. तुलना म्हणून नव्हे, शब्दशः फिरतो. जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये हे फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गाय-माणसासारख्या प्राण्यांत एका फेऱ्याला ८ प्रोटॉन लागतात आणि ३ एटीपी तयार होतात. एटीपीचा कच्चा माल आत आणण्याचा खर्च धरला तर एका एनएडीएचमागे सुमारे अडीच आणि एफएडीएच२मागे सुमारे दीड एटीपी पडतो. ग्लुकोजच्या एका रेणूमागे हिशेब ३० ते ३२ एटीपीपर्यंत येतो. जुन्या पुस्तकांतला ३८ हा आकडा पूर्णांकांच्या सोयीचा होता. तो अजून पाठ करून घेतला जातो, याला काही इलाज दिसत नाही.

एटीपीचा शोध १९२९ चा. कार्ल लोमान यांनी जर्मनीत, तर सायरस फिस्के आणि भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये तो स्वतंत्रपणे लावला. प्रोटॉनांच्या साठ्यातून एटीपी बनतो, ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. तेव्हा सगळे जण एखाद्या मध्यस्थ रसायनाच्या शोधात होते आणि ते काही सापडत नव्हते. मिचेल यांना बरीच वर्षे विरोध झाला. १९७८ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एटीपी सिंथेजच्या कार्यपद्धतीसाठी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ चे नोबेल मिळाले.

इलेक्ट्रॉन वहनाची ही साखळी कुठेही तुटली तरी पेशी उपाशी मरते. सायनाइड चौथे संकुल अडवते. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून सुटणारा फॉस्फीन वायूही तेच करतो. डायनायट्रोफिनॉलची तऱ्हा निराळी. ते प्रोटॉनांना पटलातून आडवाटेने आत सोडते. इलेक्ट्रॉन वाहत राहतात, ऑक्सिजन खर्च होत राहतो, पण एटीपीऐवजी नुसती उष्णता निघते. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते वजन उतरवायला घेत, आणि ताप चढून माणसे दगावली.

डायफेन्थियुरॉन मुळात तितकेसे जहाल नसते. ऊन लागून किंवा किडीच्या शरीरात त्याचे कार्बोडायइमाइड बनते आणि ते एटीपी सिंथेजच्या फिरत्या भागाला चिकटते. ओघ थांबतो, चाक अडते, कीड लुळी पडते. हे प्रथिन तुडतुड्यात आहे तसे फवारणाऱ्या माणसातही आहे. दोघांत फरक पडतो तो मात्रेचा आणि शरीर विषाचा निचरा किती लवकर करते याचा.

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो जण दवाखान्यांत दाखल झाले. राज्य शासनाने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर जिल्ह्यात तात्पुरती बंदी घातली. त्यांत डायफेन्थियुरॉन होते, तसेच मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉसही. सगळ्याचे खापर एटीपी सिंथेजवर फोडणे चूक ठरेल. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे मज्जातंतूंच्या जोडावर काम करतात, तंतुकणिकेत नव्हे. त्यांच्यावर अ‍ॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम हे उतारे आहेत. डायफेन्थियुरॉनवर असा खास उतारा नाही, लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळून मारली असतील तर कोणते विष कुठे भिडले हे डॉक्टरांना रुग्ण पाहून ओळखणे अवघड जाते, म्हणून डबा किंवा पुडी रुग्णाबरोबर नेतात.